मांडीवरचा पिस्टन

“बाईंचा आवाज माइकला बसत नाही.”

हे वाक्य ऐकून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती आजही पुरती उतरलेली नाही आणि उतरावी अशी माझी इच्छाही नाही. काही राग माणसाने सांभाळून ठेवावेत. त्यांच्यावर पुढे बरीच कामं होतात.

साठीचं दशक संपत आलं होतं. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा साहेब घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांसाठी आवाज शोधत कोल्हापुरात आला होता. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचे, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये बायका जमवायचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, जवळजवळ ओढतच घेऊन गेले. आक्का पाळणे म्हणायची. आमच्या पेठेत कुणाकडे बारसं असलं की आधी आक्काला सांगावा जायचा, मग सुंठवड्याची तयारी व्हायची. आईकडून आलेले पाळणे तिला पाठ होते, आणि ते ती जशी म्हणायची तसं म्हणणारं दुसरं कुणी मी ऐकलेलं नाही.

आक्काचा आवाज हळू होता. बारीक नव्हे, चिरका नव्हे, हळू. मूल निजावं म्हणून पाळणा म्हणतात, तिसऱ्या गल्लीला कळावा म्हणून नव्हे. ती मांडीवरच्या बाळाच्या कानाशी गायची आणि बाकीच्यांना तो आवाज वाटेत ऐकू यायचा, एवढंच.

त्या साहेबाला आणखी एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती विचारावी असंही त्याला वाटलं नाही. रिकामा पाळणा हलवत नाहीत हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आमच्या घरात त्याच्याही पुढे जाऊन रिकाम्या मांडीवर पाळणा म्हणत नसत. आई म्हणायची नाही, म्हणून आक्काही म्हणायची नाही. बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालायच्या आधी पाट्यावरचा वरवंटा घेऊन, त्याला कुंची चढवून, दुपट्यात गुंडाळून आधी तो पाळण्यात घालतात ना, तसा तो वरवंटा आक्का आधी स्वतःच्या मांडीवर घ्यायची, त्याला थोपटत गळा मोकळा करायची, आणि मग खऱ्या बाळाकडे वळायची.

हॉलमध्ये माइक उंच दांडीवर लावलेला. साहेब म्हणाला, उभं राहून म्हणा. आक्काने इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, “कुणाचं पोर हाय का गं हितं?” पोर नव्हतं. ती उभी राहिली, हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना, आणि तिने कशाबशा दोन ओळी म्हटल्या. साहेबाने कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, “पाळणा म्हणताय की गुपित सांगताय?” हॉलमधल्या बायका हसल्या. ज्यांच्या पोरांना आक्काने निजवलं होतं त्यासुद्धा हसल्या. मग त्याने ते माइकचं वाक्य टाकलं आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या बारशाचा सांगावा आला तेव्हा आक्का म्हणाली, घसा बसलाय. त्याच्या पुढच्यालाही बसलेलाच होता. मग सांगावे येणं बंद झालं. तिची स्वतःची मुलं मोठी झाली होती, घरात मांडीवर घ्यायला कुणी नव्हतं. माझे दाजी, म्हणजे तिचे यजमान, एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “ती भाकरी करताना गुणगुणायची, ते बी बंद झालंय. काय केलंस गं तिथं नेऊन?” मी काही केलं नव्हतं. पण काहीतरी करणार होते.

माझं म्हणणं साधं होतं. कोल्हापुरात चप्पल घ्यायची तर आपण पाय पुढे करतो. करणारा कागद ठेवतो, पायाभोवती पेन्सिल फिरवतो, अंगठा किती जाड, टाच किती रुंद, सगळं बघतो आणि त्या मापाची चप्पल करतो. “तुमचा पाय माझ्या चपलेला बसत नाही” असं सांगून गिऱ्हाईक घालवणारा माणूस अख्ख्या गावात सापडणार नाही. मग आवाजानेच माइकला का बसायचं? माइक आणि त्याच्या मागची सगळी सामग्री आवाजाच्या मापाने का होऊ नये? हे मी शाळेच्या शिक्षकखोलीत बोलले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी डबा बंद केला आणि वर्गावर गेले.

नुसतं म्हणून काही होत नाही, हे कळण्यात माझी बरीच वर्षं गेली. मग सत्तरीचं दशक सरता सरता कॅसेटी आल्या. चहाच्या टपरीवर, एसटीच्या केबिनमध्ये, लग्नाच्या मांडवात. तोवर रेकॉर्ड काढायची तर कंपनीच्या दारात उभं राहावं लागे. आता एक बरी टेप करता आली, तर पुढच्या कॅसेटी कुणालाही करता येणार होत्या. मी ठरवलं, कोल्हापुरात ध्वनिमुद्रणाची खोली करायची आणि तिथे पहिला आवाज आक्काचा असेल. आक्काला हे सांगितलं नाही. तिने घसा बसल्याचंच सांगितलं असतं.

आधी मुंबईला गेले. परदेशी सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात शिरले. काउंटरवरच्या माणसाने माझी कॉटनची साडी आणि पिशवी पाहिली आणि म्हणाला, “मिस्टरांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो.” मी म्हटलं, मिस्टर नाहीत, मलाच सांगा. तो हसला आणि म्हणाला की कोल्हापुरात स्टुडिओ काढून करणार काय, चांगला आवाज असेल तर तो माणूस इकडे येतोच. मी विचारलं, हळू आवाजासाठी यातलं कोणतं यंत्र चांगलं? त्याने एक रंगीत पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, यात जे आहे तेच मिळेल. ते पुस्तक मी तिथेच ठेवलं आणि बाहेर आले. फूटपाथवर उभी राहून मी स्वतःशी इतक्या मोठ्याने बोलत होते की एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

त्या दिवसापासून माझा नियम ठरला. जो वस्तू करतो त्याच्याकडूनच घ्यायची, आणि तो समोर बसून माझं ऐकून घेणार असेल तरच घ्यायची. पुण्यात दोन भाऊ घराच्या माडीवर माइक करायचे. त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी विचारलं, कुठल्या संस्थेसाठी? म्हटलं, माझ्यासाठी. मग त्यांनी चहा ठेवला, आणि आवाज कसला, बाई किती जवळ बसणार, खोली केवढी, हे सगळं विचारून घेतलं. मोठ्या स्पूलची टेप मशीन ठाण्याच्या एका छोट्या कारखानदाराकडून आणली. तो शाळा-कॉलेजांसाठी मशिनी करायचा, त्याचं नाव मला आमच्याच शाळेतल्या मशीनमुळे कळलं होतं. पगार, भिशी आणि आईच्या पाटल्या यांतून हे सगळं झालं, आणि त्याबद्दल मी कुणाला हिशोब दिलेला नाही, इथेही देणार नाही.

राहिला मिक्सर. माइकमधून येणारा एवढासा आवाज वाढवून, सारखा करून टेपच्या मशीनला द्यायचा, हे त्याचं काम. तेच सगळ्यात नाजूक. आणि त्यासाठी मी गेले उद्यमनगरात.

उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं लोखंडी पोट. ऑइल इंजिनं, लेथ, ओतीव काम, एकाला लागून एक शेड. त्यातल्या एका शेडमध्ये एक मिस्त्री अर्ध्या जागेत इंजिनाचे भाग करायचे आणि अर्ध्या जागेत लाऊडस्पीकरचे अँप्लिफायर. जत्रा, कुस्त्यांचं मैदान, गणपतीची मिरवणूक, सगळीकडे त्यांचा माल. माणूस बोलायला लागला की छाती काढूनच बोलायचा.

“बाई, माझा कर्णा जोतिबाच्या डोंगरावर लावला तर पेठ वडगावात ऐकाय येतोय. विचारा कुणाला बी.”

“मला वडगावापर्यंत न्यायचा नाही,” मी म्हटलं. “एका खोलीतच ठेवायचाय.”

ते शेजारच्या लेथच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं. तेही ओरडले, “करू की! न्हाय कोण म्हणतंय? पण मी पुस्तकातलं बघून करत न्हाय. गिऱ्हाईकाचं माप घेऊन करतो.”

हे शब्द ऐकून मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. इतकी वर्षं मी जे म्हणत होते ते एका माणसाने स्वतःहून म्हटलं होतं. मिस्त्रींनी तिथल्या तिथे एक माइक आणला, वायरी जोडल्या, काट्याचं एक मीटर समोर ठेवलं आणि म्हणाले, बोला. मी बोलले. गायलेसुद्धा. शेजारी लेथ चालू, पलीकडे कुणीतरी घणाने पत्रा सरळ करतंय, रस्त्यावर ट्रक. मिस्त्री मीटरकडे बघत मान हलवत होते आणि कागदावर काहीतरी टिपून घेत होते. “झालं माप,” ते म्हणाले. “आता बगा कसा करतो ते.”

माझी ध्वनिमुद्रणाची खोली तोवर तयार झाली होती. शाहूपुरीत गुळाची एक जुनी वखार भाड्याने मिळाली. भिंती जाड, खिडक्या नाहीत. गुळाची रिकामी पोती धुऊन भिंतींना आणि वर छताला दोन-दोन पदरी लावली, की आत टाळी वाजवली तरी आवाज तिथल्या तिथे विरायचा. मुंग्या मात्र गेल्या नाहीत. त्या वखारीत शेवटपर्यंत गुळाचा वास आणि मुंग्या राहिल्या. काचेची भिंत, पलीकडची वेगळी खोली, असलं काही नव्हतं. एका टोकाला गाणारीची जागा, दुसऱ्या टोकाला टेबलावर मी आणि यंत्रं.

मिक्सर आला तो हातगाडीवरून. इंजिनाला देतात त्या हिरव्या रंगात रंगवलेला, कडांना लाल रेघ, आणि समोर मिस्त्रींच्या नावाची ओतीव पितळी पाटी, ताटलीएवढी. उचलायला दोन माणसं लागली. मिस्त्रींनी नारळ फोडला, यंत्राला हळदकुंकू लावलं, आणि मला म्हणाले, “आता ह्येला पन्नास वर्सं हात लावायचा न्हाय.”

मग मी आक्काकडे गेले आणि पहिल्यांदा खरं ते सांगितलं. तिने फडताळातून आईची जुनी कुंची काढली आणि म्हणाली, “वरवंटा तिथं हाय का, हितनंच नेऊ?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती तयार होती. इतक्या वर्षांत फक्त कुणी नीट विचारलं नव्हतं.

वखारीत ती घोंगडीवर बसली. वरवंटा मांडीवर घेतला, कुंचीचे बंद नीट केले, थोपटायला लागली. मी मशीन चालू केली. तिने म्हटलं, आणि मी टेप मागे घेऊन तिला ऐकवली.

टेपमध्ये खरखर होती. नुसती खरखर, पत्र्यावर वाळू ओतत राहावी तशी, आणि तिच्या खाली कुठेतरी, खूप लांब, एक बाई काहीतरी म्हणत होती. आवाज वाढवायला बटण पूर्ण फिरवावं लागत होतं आणि बटणाबरोबर खरखरही वाढत होती. शिवाय जेवढा आवाज येत होता तोही नाकातला, पातळ, मैदानात पैलवानाचं नाव पुकारल्यासारखा.

आक्काने ऐकलं. वरवंट्याची कुंची काढली, घडी केली.

“बघ,” ती म्हणाली. “त्यो मुंबईचा साहेब खोटं न्हवता बोलला. माझाच आवाज तसला हाय.”

“तुझा नाही,” मी म्हटलं. “यंत्राचा दोष आहे.”

“दोन येगळी यंत्रं, दोन येगळी माणसं, आणि दोष दोन्ही बारीला यंत्राचाच?” ती उठली. “आता परत मला सांगू नगंस.”

ती गेल्यावर मी त्या हिरव्या मिक्सरला शाळेतल्या बाईला न शोभणारे शब्द वापरले. माझा स्टुडिओ गेला तर गेला, त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण हिच्या मनात आता ते वाक्य कायमचं बसणार होतं, आणि बसवणारी मीच असणार होते. हे मला मान्य नव्हतं. कुठल्याही परिस्थितीत मान्य नव्हतं.

टेपचं स्पूल पिशवीत घालून मी तशीच उद्यमनगरात गेले. मिस्त्रींनी ऐकलं आणि त्यांना राग आला. “यंत्र बरोबर हाय. तुमीच माप दिलंसा.” मी म्हटलं, मी दिलेलं माप कसलं, आणि कुठे दिलेलं? त्या वेळी आम्ही दोघंही एकमेकांवर ओरडत होतो. भांडत होतो म्हणून नव्हे, तर लेथ चालू असताना तिथे दुसरं कसं बोलणार? आणि ओरडता ओरडता आम्ही दोघंही एकदम गप्प झालो. कारण दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. माप घेतलं होतं ते या ओरडण्याचं. त्या माणसाने उभा जन्म असल्या गोंगाटात काढला होता, आणि त्यांच्या लेखी माणसाचा आवाज म्हणजे लेथवर मात करणारा आवाज. त्यांनी मिक्सर केला होता तो वडगावात ऐकू जाण्यासाठी. मीही कोल्हापूरचीच, तेव्हा मला तरी ते कुठे खटकलं होतं?

“आक्कास्नी घेऊन या,” मिस्त्री म्हणाले. “सोमवारी. सोमवारी समदं बंद असतंय. माप परत घेतो.”

आक्का येईना. मी तिला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, चप्पल चावली तर तू पाय कापून घेणार का? ती म्हणाली, “येतो, पण हे शेवटचं.”

सोमवारी उद्यमनगर मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे न ऐकलेलं ऐकलं. शेडची दारं ओढलेली, रस्त्यावर एक कुत्रं, कुठल्याशा झाडावर पाखरं. सुट्टीच्या वारी वीज नसायची, म्हणून मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणून ठेवल्या होत्या. मिक्सरचं झाकण काढलेलं, शेजारी विस्तवावर वायरी जोडायला डाग द्यायची सळई, आणि पत्र्याच्या डब्यात शेंगदाण्याएवढ्या ट्रान्झिस्टरांचा ढीग.

आक्का एका खोक्यावर बसली. इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“वरवंटा?”

मी विसरले होते. कुंची पिशवीत होती, वरवंटा घरी. मिस्त्रींना कळेना काय झालं. मी सांगितलं की मांडी रिकामी असेल तर ती म्हणणार नाही. मला वाटलं आता हा माणूस हसणार, आणि हसला असता तर मी तिथली एखादी वस्तू त्याच्या डोक्यात घातली असती. पण मिस्त्री हसले नाहीत. ते उठले, फडताळापाशी गेले, आणि ऑइल इंजिनाचा एक नवा कोरा पिस्टन घेऊन आले. धोतराच्या सोग्याने त्याचं तेल पुसलं, हातात तोलून पाहिला आणि आक्कापुढे धरला.

“ह्यो चालंल का? कालच तयार झालाय. नवाच जीव हाय.”

आक्काने पिस्टन हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग ती हसली, तोंडावर पदर धरून, किती तरी वर्षांनी. तिने पिस्टनला कुंची घातली, गळ्याखाली बंद बांधले, मांडीवर आडवा घेतला. “जड हाय गं लेकरू,” ती म्हणाली, आणि थोपटायला लागली.

मिस्त्री कानाला हेडफोन लावून बसले. ती म्हणत होती आणि ते डब्यातले ट्रान्झिस्टर एकेक करून लावून बघत होते. एखादा लावायचे, डोळे मिटून ऐकायचे, खरखरला की काढून बाजूला टाकायचे. “ह्यो बडबड्या हाय,” ते म्हणायचे. “ह्यो बी. ह्यो गप बसतोय, ह्येला ठेवू.” आणि हे सगळं ते कुजबुजत म्हणत होते. मिस्त्री कुजबुजू शकतात हे त्यांच्या बायकोलाही माहीत नसेल. बडबडे ट्रान्झिस्टर एका बाजूला साठत गेले, मोजके गप्प बसणारे मिक्सरमध्ये गेले. आवाज लांब जावा म्हणून खालचा सूर कापणारी जी काही जोडणी त्यांनी केली होती ती त्यांनी स्वतःच्या हाताने तोडून काढली. ते करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुपार उतरली तेव्हा त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावले. आणि माझ्या कानात माझी बहीण होती. तिचा श्वास, ओठ मिटण्याचा आवाज, पिस्टनवर पडणारी थाप, आणि त्या सगळ्याच्या वर तो पाळणा, जसा आमच्या घरात होता तसा. खरखर नव्हती. मीटरचा काटा मधोमध डोलत होता.

मग मी ते आक्काच्या कानाला लावले आणि तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. ती एका हाताने हेडफोन धरून, स्वतःलाच ऐकत म्हणत राहिली, आणि दुसरा हात पिस्टनवर चालूच होता.

पिस्टन मिस्त्रींनी परत घेतला नाही. तो आमच्या वखारीतच राहिला, कुंचीसकट. मिक्सरही त्या बॅटऱ्यांवरच चालत राहिला, कारण भिंतीतल्या विजेची गुणगुण त्यात यायची नाही. आम्ही सावकाश, आक्काला सवड मिळेल तसे, पाळणे टेप करत गेलो.

आता तो दुसरा पाहुणा. मुंबईच्याच एका कॅसेट कंपनीचा माणूस. पहिल्या साहेबाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण जात तीच. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी त्याने आमची टेप ऐकली आणि वखारीचा पत्ता काढत आला. म्हणाला, आवाज गोड आहे, समोर ऐकायचाय. मी म्हटलं, बसा. आक्का तिच्या जागी बसली, पिस्टन मांडीवर घेतला. मी सवयीने टेप चालू केली.

पहिलं कडवं होईपर्यंत तो बरा होता. मग त्याची नजर फिरायला लागली. भिंतीवरची पोती, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, हिरवा मिक्सर, त्यावरची पितळी पाटी. दुसऱ्या कडव्याला तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि आक्का म्हणत असतानाच, चांगल्या मोठ्या आवाजात, बोलायला लागला.

“हे ठीक आहे, नमुना म्हणून. आपण मुंबईला नीट करू. मागे बासऱ्या टाकू, व्हायोलिन टाकू. ताईंना फक्त आवाज थोडा मोठा काढावा लागेल. आणि हे काय? लोखंडाला कुंची?” आणि तो हसला. त्या हॉलमधल्या बायका हसल्या होत्या तसाच.

माझ्या हाताशी जड असं बरंच काही होतं. मी उठलेसुद्धा. पण त्याआधीच आक्का बोलली. पाळणा थांबला होता, हात थांबला नव्हता. तिने मान वर केली नाही.

“हळू बोला, पावणं. बाळ निजलंय.”

एवढंच, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात. ती रागावली नव्हती, आवाज केसभरही चढवला नव्हता. मी मीटरकडे पाहिलं. काटा मधोमध होता.

तो माणूस त्याच्याही नकळत कुजबुजत म्हणाला, “सॉरी.” मग तसाच कुजबुजत मला विचारायला लागला की ताई मुंबईला कधी येऊ शकतील. उत्तर आक्कानेच दिलं.

“मी कशाला येऊ? ज्येला ऐकायचं हाय त्येनं जवळ यावं.”

त्याला दारापर्यंत सोडायला मी गेले नाही. गेले असते तर हसले असते.

कॅसेट आम्हीच काढली. महाद्वार रोडवरच्या दुकानदाराने ती लावून बघितली आणि तोंड वाकडं केलं. “बाई, आवाज जरा हळूच हाय की.” मी म्हटलं, व्हय, मग कान पुढं करा. त्याने केला. पाळण्याच्या मध्ये एक माणूस मोठ्याने बोलतो, बाई त्याला हळू बोलायला सांगते आणि म्हणते ज्याला ऐकायचं त्यानं जवळ यावं, ते काय आहे, असं बरेच जण विचारायचे. तेवढा तुकडा कापून टाका असंही पुष्कळांनी सुचवलं. मी कापला नाही.

त्याच वर्षी मिस्त्रींना नात झाली. बारशाला अख्खं उद्यमनगर लोटलं होतं. दारात मांडव, आणि माडीवर अर्थातच मिस्त्रींचा कर्णा, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा. सांगावा आक्काला आला होता. मी मनात म्हणत होते, घसा बसल्याचं सांगते की काय. तिने नवी साडी नेसली, पिस्टन पिशवीत घातला आणि मला म्हणाली, चल.

ती पाळण्याजवळ बसली. आधी पिस्टन मांडीवर घेतला, थोपटला, मग बाळाला घेतलं. कुणीतरी तिच्यासमोर माइक आणून ठेवला. मिस्त्री गर्दीतून वाट काढत आले. मला वाटलं, माइक नीट करायला आले. त्यांनी माइक उचलला, माडीवर जाणारी वायर हाताने उपसून काढली आणि दोन्ही घेऊन भिंतीशी जाऊन उभे राहिले.

आक्काने सुरू केलं. मागच्या बायकांना ऐकू येईना. त्या थोडा वेळ तशाच बसल्या, आणि मग एकेक उठून पुढे येऊन बसली.